नाही म्हणण्याचा हक्क: ख्रिस्ती दया आणि पुढारपण

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाने हा प्रसंग सांगितला आहे. दरवर्षी पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये तो करून दाखवला जातो आणि त्या दिवशीची प्रवचनं बहुधा येशूच्या नम्रतेवर असतात. पेत्राकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पेत्र चक्क नकार देतो: तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत. येशू त्याला गप्प बसवत नाही. त्याचं म्हणणं ऐकतो, उत्तर देतो आणि पेत्राचा होकार येतो. ज्याच्यावर उपकार होतो आहे त्याला बोलायला जागा आहे, हे या प्रसंगातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

मार्कच्या शुभवर्तमानात याच विचाराची दुसरी बाजू दिसते. याकोब आणि योहान मानाच्या जागा मागतात, बाकीचे शिष्य चिडतात. तेव्हा येशू सांगतो की राज्यकर्ते लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं होता कामा नये. ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने सर्वांचा दास व्हावं. ख्रिस्ती पुढारपणाचा पाया इथे आहे. गेल्या दोन हजार वर्षांत या पायावर रुग्णालयं, अनाथालयं, शाळा आणि अन्नछत्रं उभी राहिली, आणि सेवकाचं नाव लावून हुकूमत गाजवणारेही याच पायावर उभे राहिले. दोघांतला फरक ओळखायला दोन प्रश्न पुरतात, असं मला वाटतं. दया स्वीकारणाऱ्याला नको म्हणता येत होतं का? आणि दया करणाऱ्याला कुणी जाब विचारू शकत होतं का?

सुरुवातीच्या काळात हे प्रश्न फारसे उद्भवलेच नाहीत, कारण ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती. तिसऱ्या शतकाच्या मध्याला रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. आजारी माणसांना घरचेच रस्त्यावर टाकत असताना ख्रिस्ती लोक रुग्णांची सेवा करत राहिले आणि त्यात मेलेही, असं अलेक्झांड्रियाच्या दियोनिसियस या बिशपने पत्रात नोंदवून ठेवलं आहे. स्वतःच्या समाजाबद्दल लिहिताना माणूस हात राखून लिहीत नाही, हे मान्य. पण शंभरेक वर्षांनी साक्ष दिली ती विरोधकाने. सम्राट जुलियनला जुना रोमन धर्म पुन्हा उभा करायचा होता. ३६२ च्या सुमारास एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्याने त्रागा केला आहे की हे लोक स्वतःच्या गरिबांना सांभाळतातच, वर आपल्याही गरिबांना सांभाळतात.

त्यानंतर थोड्याच वर्षांत कप्पदुकियातल्या कैसरिया शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीत, दुष्काळ पडला. तिथल्या बॅसिलने धान्य दाबून बसलेल्या सावकारांना प्रवचनातून धारेवर धरलं. तुमच्या कोठारातलं जादा धान्य उपाशी माणसाच्या मालकीचं आहे, अशी त्याची मांडणी होती. पुढे बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर रुग्ण, वाटसरू आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठी वसाहत उभारली. बॅसिलने दयेला हक्काची भाषा दिली. घेणारा आपलंच परत घेतो आहे असं म्हटलं, की त्याची मान खाली जाण्याचं कारण राहत नाही. हा विचार पुढच्या शतकांत वारंवार विसरला गेला.

सत्ता आली आणि चित्र पालटलं. ३९० साली सम्राट थिओडोसियसच्या हुकमावरून थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोस याने सम्राटाला पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजनात घेणार नाही असं कळवलं, आणि सम्राटाला वाकावं लागलं. धर्माधिकाऱ्याने राजाला जाब विचारल्याचं हे ठळक उदाहरण. पण धर्माधिकाऱ्याला कोण विचारणार? सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिले, त्यात एक फार शहाणी तरतूद आहे. महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण अनेकदा देव सर्वांत धाकट्यालाच चांगलं सुचवतो. अर्थात अखेरचा शब्द मठाधिपतीचाच. पुढे पोप पहिला ग्रेगरी स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवू लागला आणि पोपपदाला ती पदवी कायमची चिकटली. पदवी नम्र राहिली, पद मात्र युरोपातल्या बलाढ्य सत्तांपैकी एक झालं. असिसीच्या फ्रान्सिसने यातला धोका ओळखला असावा. हजारो अनुयायी झाल्यावर, १२२० साली, त्याने आपल्याच संघाचं प्रमुखपद सोडलं आणि दुसऱ्याच्या आज्ञेत राहू लागला.

बार्तोलोमे दे लास कासास याची गोष्ट गुंतागुंतीची आहे. अमेरिकेत जाऊन जमीन आणि वेठबिगार म्हणून मूळ रहिवासी बाळगणारा हा पाद्री १५१४ साली सगळं सोडून देतो आणि उरलेलं आयुष्य त्या लोकांच्या बाजूने राजदरबारी भांडण्यात घालवतो. पण याच माणसाने एका टप्प्यावर मूळ रहिवाशांना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत असंही सुचवलं होतं. त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. एकावर दया करताना दुसऱ्याला माणूस म्हणून न मोजणं किती सोपं असतं, याचा हा जिवंत पुरावा आहे.

मोलोकाई बेटाचा फादर डेमियन जगभर ओळखला जातो, पण त्याची गोष्ट बहुधा अर्धीच सांगितली जाते. १८६५ मध्ये हवाई राज्याने कायदा केला आणि पुढच्या वर्षापासून कुष्ठरोग्यांना घरातून उचलून मोलोकाईच्या एका द्वीपकल्पावर नेऊन सोडायला सुरुवात झाली. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला उंच कडा. बेल्जियमचा हा तेहतीस वर्षांचा धर्मगुरू १८७३ च्या मे महिन्यात तिथे उतरला. त्याने घरं बांधली, पाण्याचे नळ आणले, जखमा बांधल्या, शवपेट्याही स्वतः बनवल्या. रुग्णांसोबत एकाच भांड्यातलं तो खात असे. १८८४ मध्ये उकळत्या पाण्यात पाय पडूनही दुखलं नाही, तेव्हा आपल्यालाही रोग झाल्याचं त्याला कळलं. १५ एप्रिल १८८९ रोजी तो वारला. २००९ मध्ये कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिलं.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. डेमियन हट्टी होता, एकटा काम करणारा होता, वरिष्ठांशी आणि सरकारच्या आरोग्य मंडळाशी त्याची सतत भांडणं होत, हे कमी सांगितलं जातं. त्यातली बरीच भांडणं रुग्णांसाठी लाकूड, औषध आणि अन्न मिळवण्याची होती, म्हणून मी ती त्याच्या दयेतच मोजतो. त्याच्या अखेरच्या महिन्यांत, १८८८ च्या नोव्हेंबरात, मदर मारियान कोप आपल्या सहकारी सिस्टरांसह तिथे पोचली. तिने स्वच्छतेची कडक शिस्त लावली, मुलींसाठी आश्रम चालवला, बाग केली, आणि १९१८ पर्यंत तिथेच काम केलं. तिला रोग झाला नाही. तिला संतपद मिळालं २०१२ मध्ये. जीव देणारा पुढारी आपल्याला चटकन भावतो. तीस वर्षं व्यवस्था चालवणारी बाई मागे पडते. दोघांच्या कामाला मी एकाच पंगतीत बसवेन. मोलोकाईच्या रुग्णांना दोघांचीही गरज होती.

महाराष्ट्रात हा सगळा प्रश्न एका व्यक्तीच्या आयुष्यात एकवटलेला दिसतो. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली, भावाबरोबर देशभर पायी भटकंती झाली, कोलकात्यात पंडिता ही पदवी मिळाली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सिस्टरांच्या आश्रमात त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे त्यांनी पाहिलेली एक गोष्ट होती. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी त्या सिस्टर लंडनजवळ आश्रम चालवत होत्या. अशा स्त्रियांना प्रेमाने वागवणारी माणसं रमाबाईंनी आधी पाहिली नव्हती. शोमरोनी बाईशी येशू विहिरीवर बोलतो तो प्रसंग त्यांना तिथे समजावून सांगण्यात आला आणि तो त्यांच्या मनात घर करून राहिला.

पण ज्यांनी दया दाखवली त्यांच्यापुढे रमाबाई मिंध्या झाल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावरून हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतला, तेव्हा रमाबाईंनी आपल्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांना खरमरीत पत्रं लिहिली. एवढ्या कष्टाने एका जोखडातून सुटले ती दुसरं जोखड मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर होता. त्रैक्याच्या सिद्धान्तावरही त्या शंका विचारत राहिल्या. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. आश्रयाला आलेल्या बाईने आश्रयदात्यांना इतक्या स्पष्टपणे उत्तरं दिल्याची उदाहरणं त्या काळात फार थोडी सापडतील.

म्हणूनच रमाबाईंच्या शारदा सदनचा वाद टाळून चालत नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलेलं हे विधवांचं वसतिगृह धर्मप्रचार न करण्याच्या बोलीवर उभं होतं. मुलींना आपापला आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून गदारोळ झाला, केसरीने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की येणाऱ्या मुलीला मी हाकलणार नाही. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. तरीही पालकांचा आक्षेप निव्वळ सनातनी म्हणून उडवून लावता येत नाही. जिचं अन्न, वस्त्र आणि निवारा एका बाईच्या हाती आहे, अशा तेरा-चौदा वर्षांच्या विधवेला त्या बाईच्या श्रद्धेला नाही म्हणणं सोपं नसतं. वाँटेजमध्ये स्वतः नाही म्हणून दाखवलेल्या रमाबाईंना हे इतर कुणापेक्षाही जास्त कळायला हवं होतं.

दुष्काळातल्या धर्मांतरांचा व्यापक प्रश्नही हाच आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर भागात अस्पृश्य ठरवलेल्या जातींतल्या बऱ्याच लोकांनी बाप्तिस्मा घेतला. धान्यासाठी धर्म बदलला, असं त्यांना हिणवण्यात आलं. हिणवणाऱ्यांनी त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलेलं नव्हतं, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. भुकेबरोबरच माणूस म्हणून वागवलं जाणं हाही धर्म बदलण्याचा पुरेसा आणि सन्माननीय हेतू आहे. पण मदत करणाऱ्या मिशनने धान्य आणि बाप्तिस्मा यांत अंतर ठेवायला हवं, हे त्यामुळे रद्द होत नाही.

रमाबाईंचं खरं मोठेपण केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनात दिसतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं, अंध मुलींना त्यांच्या कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकवू लागल्या. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड टीका केली. ख्रिस्ती आहेत म्हणून इंग्रज सरकारपुढे गप्प बसल्या नाहीत. अखेरची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतः रमाबाई. मुक्ती मिशन आजही चालू आहे. संस्था संस्थापकामागे टिकते ती आतल्या माणसांच्या हाती काम आल्यावर, आणि केडगावात ते आलं होतं.

मिरजेत वेगळ्या पद्धतीने हेच घडलं. कॅनडाचे डॉक्टर विल्यम वानलेस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. त्यांनी स्थानिक तरुणांना डॉक्टरकी शिकवली आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. वानलेसवाडी हे गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना मिशनमधला मालक-नोकर हा संबंध सलू लागला होता. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी पगार घेऊन प्रभूची सेवा करणं आपल्याला पटत नाही असं म्हणत १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशन सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. मे १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पत्नी लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांत टिळकांच्या दानशूरपणाचा घरावर पडलेला भारही स्वच्छ दिसतो. कुणालाही घरी घेऊन यावं, हातातलं देऊन टाकावं, आणि चूल कशी पेटणार हे लक्ष्मीबाईंनी पाहावं. निःस्वार्थ पुढाऱ्याच्या त्यागाचा हिशोब मांडताना त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का, हेही पाहायला हवं.

क्षमेच्या बाबतीत तर विचारण्याला फारच महत्त्व आहे. सिस्टर राणी मारिया या केरळच्या क्लॅरिस्ट सिस्टर मध्य प्रदेशात भूमिहीन शेतमजुरांना सावकारांच्या तावडीतून सोडवण्याचं काम करत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकरी समंदर सिंग याला त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला, २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळला जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत जाळण्यात आलं. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, पण कायद्याचं काम थांबवा असं त्या म्हणाल्या नाहीत. खटला चालला, शिक्षा झाली. त्या २००४ पर्यंत बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या.

या दोन्ही क्षमा ज्यांचं माणूस गेलं त्यांनी स्वतः दिल्या. दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेझमंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ मध्ये वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांबद्दल सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा नेमकी इथेच अडचण आली. पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी द्यायची, असा नियम होता. ती माफी राष्ट्राच्या वतीने आयोग देणार होता. वर्णभेदाविरुद्ध लढलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने याला न्यायालयात आव्हान दिलं. ते हरले, पण बिकोंच्या मृत्यूला जबाबदार पोलिसांना १९९९ मध्ये आयोगानेच माफी नाकारली, कारण त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. टूटूंबद्दल मला अपार आदर आहे आणि त्या देशाला रक्तपातातून वाचवण्यात आयोगाचा वाटा मोठा आहे. तरीही बिको कुटुंबाचा सवाल योग्यच होता. दुसऱ्याच्या जखमेवरची माफी मी कशी देऊ?

हा सवाल न विचारल्याने चर्चचं सर्वांत मोठं पाप घडलं. २००२ मध्ये बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने उघड केलं की मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना बिशप वर्षानुवर्षं एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये हलवत होते. पश्चात्तापाला जागा द्यावी, चर्चची बदनामी टळावी, अशी कारणं त्यामागे होती. दया अत्याचाऱ्याला मिळाली, मुलांना कुणी विचारलं नाही. फ्रान्समध्ये १९६४ मध्ये मतिमंद व्यक्तींसोबत राहण्यासाठी लार्श ही चळवळ सुरू करणारे जाँ व्हानिए जिवंतपणीच संत मानले जात. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० आणि २०२३ मध्ये, खुद्द लार्शनेच करवलेल्या चौकशीत त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून किमान पंचवीस स्त्रियांशी गैरवर्तन केल्याचं निष्पन्न झालं. त्यांच्या निःस्वार्थपणाची ख्याती इतकी होती की त्या स्त्रियांवर कोण विश्वास ठेवणार? संतपणाचा दबदबा हीसुद्धा सत्ताच असते.

मत्तयाचा अठरावा अध्याय इथे पुन्हा वाचावासा वाटतो. सत्तर वेळा सात क्षमा करावी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच अध्यायात, त्याच्या आधी, लहानांना अडखळवणाऱ्याबद्दल अत्यंत कठोर इशारा आहे, आणि अपराध करणाऱ्याविरुद्ध तक्रार कशी करावी याची पायरीपायरीने दिलेली रीतही आहे: आधी एकट्याने, मग साक्षीदारांसह, मग सगळ्या मंडळीपुढे. क्षमा आणि तक्रार एकाच अध्यायात शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. चर्चने एक उचलली आणि दुसरी झाकली.

भारतात या दुखण्याला जातीची जोड आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांविषयीचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचं मान्य केलं. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले, दलित समाजातले पहिले. ज्यांच्यावर शतकभर दया केल्याचा अभिमान मिशनने बाळगला, त्यांच्या हाती अधिकार यायला एवढा वेळ लागला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या आंदोलनात जमीन आणि पाण्यासाठी सर्व धर्मांच्या लोकांबरोबर उभं राहून पुढारपण केलं, धमक्या सोसल्या. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले ख्रिस्ती लेखक. २०२४ मध्ये ते गेले. आपल्या मंडळीच्या कुंपणाबाहेर येऊन बोलल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि बाहेरच्यांना त्यांच्याशी वादही घालता येत होता.

२०१३ मध्ये रोममध्ये दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत सोळावे बेनेडिक्ट यांनी आपण होऊन पोपपद सोडलं. मार्चमध्ये नवे पोप फ्रान्सिस यांनी पवित्र गुरुवारी बालगुन्हेगारांच्या कारागृहात जाऊन पाय धुतले, त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही होते. तोवर नियमात फक्त पुरुष होते. २०१६ मध्ये नियमच बदलला. २०२३ च्या ऑक्टोबरात बिशपांच्या सिनोडमध्ये स्त्रियांनी प्रथमच मतदान केलं. या हालचाली खऱ्या आहेत आणि त्यांचं मला मनापासून स्वागत करावंसं वाटतं. पण खाली, गावच्या चर्चमध्ये काय स्थिती आहे? कॅथलिक कायद्यानुसार धर्मग्रामाच्या मंडळाला फक्त सल्ला देता येतो, निर्णय धर्मगुरूचा. आर्थिक बाबींसाठीची समिती सक्तीची आहे, पण तिचाही अधिकार मदत करण्यापुरताच. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वडीलजन निवडून येतात, तिथे कागदावर जाब विचारण्याची सोय जास्त आहे, आणि तरी मालमत्तेचे वाद न्यायालयात रखडलेले असतात. धर्मग्रामातल्या एखाद्या बाईने उभं राहून फादरांना किंवा पाळकांना हिशोब विचारला, तर तिला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक असेल, अशी तरतूद दोन्हीकडच्या नियमावल्यांत लिहून घेणं हे पुढचं काम आहे.